पडाऊकाचे दोन पाट

मेस्त्रींनी प्लायवूडला कधी प्लायवूड म्हटलं नाही. ते त्याला पापड म्हणत. सनमायका म्हणजे लाकडाचा फोटो. "फोटोवर बसून जेवनार का?" असं ते आलेल्या गिऱ्हाइकाला विचारत, आणि गिऱ्हाईक दुसरा सुतार शोधायला जाई. आमच्या पुढच्या शेडचे ते भाडेकरू, त्यामुळे परत जाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या पाठी मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसायच्या.

आमचं घर भिवंडीत, अंजूरफाट्याच्या रस्त्याला. पुढे पत्र्याच्या दोन शेड. एकीत मेस्त्री, दुसरीत एका भाईंचे चार लूम, म्हणजे यंत्रमाग. त्या खडखडाटाने आमच्याकडे आलेला पाहुणा तासाभरात डोकं धरून बसे. मेस्त्रींना मात्र त्याशिवाय झोप येत नसे. दुपारी जेवून दोन ते चार ते फळ्यांवर आडवे होत आणि लूम चालू असेतो गाढ घोरत. वीज गेली, लूम थांबले, की दचकून उठत आणि विचारत, "कोन मेलं?"

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली. म्हणजे लहान नव्हते, हे आधीच कबूल करते. अक्कल चौदा वर्षांच्या पोरीची आणि रुबाब घरमालकिणीचा. आज नातींना वाटतं आजी जन्मापासून शहाणी आहे. तो गैरसमज मी घरात दूर करत नाही. इथे लिहायला हरकत नाही, कारण त्या मराठी वाचत नाहीत.

मेस्त्री टेप वापरत नसत. कुणाला पाट, स्टूल, खुर्ची करून हवी असेल तर ते जमिनीवर बारीक भुसा पसरत, हाताने सारखा करत आणि त्या माणसाला त्यात बसायला लावत. माणूस उठला की भुशात उमटलेल्या खळग्याकडे, डॉक्टर एक्सरे बघतो तसे, मान वाकडी करून बघत. "डाव्या अंगाला भार जास्त. पाकीट दुसऱ्या खिशात ठेवा." एकदा एका पुढाऱ्याला बसवलं. तो उठल्यावर बराच वेळ विचार करून म्हणाले, "ह्यांना तीन पायांचं बरं पडंल. चौथ्यावर बसतच न्हाईत." पुढारी चिडला आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन मोकळा झाला. मेस्त्रींना त्याचं काही वाटलं नाही. लाकूड वाचलं म्हणाले.

मानकोलीला तेव्हा गोदामं वाढायला लागली होती. परदेशातून कंटेनर भरभरून यंत्रं यायची. ती वाटेत हलू नयेत म्हणून आत जाडजाड ओंडके ठोकलेले असत. यंत्र गोदामात जाई आणि ओंडके जळाऊ लाकडाच्या वखारीत. मेस्त्री आठवड्यातून एकदा त्या वखारीत चक्कर मारत, लोक देवळात जातात तशी, आंघोळ करून. एके दिवशी टेम्पोतून तीन ओंडके घेऊन आले. काळपट, ग्रीस लागलेले, खिळ्यांच्या भोकांनी भरलेले. मी म्हटलं, "मेस्त्री, हा कचरा माझ्या अंगणात नको."

त्यांनी एक ओंडका ठोकळ्यावर चढवला आणि रंधा मारला. वरची काळी साल निघाली आणि आत शेंदूर! थट्टा नाही, मारुतीला लावतात तो रंग. मी पदर सावरून पुढे गेले.

"पडाऊक," मेस्त्री म्हणाले. "तरुनपनी मुंबईत बोटींच्या कारखान्यात होतो, तिथं अंदमानचा यायचा. हा आफ्रिकेतला. चुलतभाऊ. आपला रानातला बिवळा, तो मद्रासकडचा रक्तचंदन, हा, समदी एका घरची मान्सं. उचला, वैनी."

लाकूड उचलून बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल बोललेलं त्यांना चालत नसे. मी तुकडा उचलला आणि कमरेत कळ आली.

"वाळवी तोंड लावत न्हाय," ते सांगू लागले. "पावसाळ्यात फुगत न्हाय, उन्हाळ्यात वाकत न्हाय. जावई बघताना हेच बगायचं असतंय. आता दोष ऐका. रेषा उलटसुलट चालतात, रंधा चुकला तर ओरबाडून निघतो. भोकं मोठी, भुसा त्यात जाऊन बसतो, आन् तो भुसा म्हंजे निव्वळ रंग. पांढऱ्या लाकडाशेजारी ठेवून स्पिरिटचं पॉलिश मारलं तर पांढऱ्यालाबी लाल करून सोडतो. आन् हा जो शेंदूर बगताय, तो ऱ्हानार न्हाय. वरसभरात आमसुलासारखा होनार. झाड असतं तवा ऊन खातं, फळी झाली की ऊन तिला खातं."

एवढ्या सगळ्यातले मी फक्त दोन शब्द ऐकले: शेंदूर आणि रक्तचंदन.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत सांगून आले की आमच्या शेडमध्ये रक्तचंदन आलंय. तिसऱ्या दिवशी मेस्त्री झोपलेले असताना एक ढलपी उचलून आणली, सहाणेवर उगाळली आणि तोंडाला लेप लावला. रक्तचंदनाने कांती उजळते असं मला कुणीतरी सांगितलं होतं. कांती उजळली खरी. धुऊन धुऊन नारिंगी. चार दिवस मी पदर कपाळापर्यंत ओढून फिरत होते. आमचे हे म्हणाले, "उन्हात बस वर्षभर, आमसूल होशील." म्हणजे नवरा मेस्त्रींचं बोलणं माझ्यापेक्षा नीट ऐकत होता.

भुशाने भाईंनाही सोडलं नाही. त्यांच्या लूमवर पांढरं कोरं कापड निघायचं. एका सकाळी ते तागा खांद्यावर टाकून ओरडतच आले, "अरे मेस्त्री! मैंने कफ़न का कपड़ा बुना था, आपने शादी का जोड़ा बना दिया!" तागा एका अंगाने गुलाबी झाला होता. मेस्त्रींनी तो हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "रंग झ्याक बसलाय." मग दोन्ही शेडच्या मध्ये ओली पोती टांगली आणि रोज दोनदा स्वतः त्यांच्यावर पाणी मारू लागले.

त्या तीन ओंडक्यांपैकी एक सर्वांत लांब आणि सरळ होता. तो मेस्त्रींनी कापला नाही. ज्या फळ्यांवर झोपायचे त्यांच्या खाली सरकवून ठेवला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आयुष्यभर बसायच्या वस्तू केल्या, वैनी. एक तरी चालनारी करायची हाय."

म्हणजे पालखी. सुताराने एकदा पालखी करावी, ती खांद्यावर चढलेली बघावी, एवढीच त्या माणसाची हौस उरली होती. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही, पापड आणि फोटोच्या जमान्यात कुणी काम देत नाही.

त्याच सुमाराला माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा अंजूरच्या पलीकडच्या एका गावातला. व्याही शेतकरी माणूस, तोलून बोलणारे, आणि गावदेवीच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांच्या देवीची जुनी पालखी वाळवीने खाल्ली होती. बोलणीच्या बैठकीतच मी मेस्त्रींना पुढे केलं. व्याही म्हणाले, "लग्नाचे पाट ह्यांनाच करू द्या. पाट बगू, मंग पालखीचं बोलू."

मेस्त्रींनी लगेच शेडमध्ये भुसा पसरला आणि नवऱ्यामुलाला त्यात बसवलं. भावी सासूसासऱ्यांसमोर तो बिचारा भुशात मांडी घालून बसला, उठला, आणि मेस्त्री खळग्याभोवती फिरून म्हणाले, "मुलगा सरळ हाय. दोन्हीकडं सारखा बसतो." माझ्या मुलीने तेव्हाच मनातून होकार दिला असं ती आजही सांगते.

पाट झाले. एकाही खिळ्याशिवाय, कडेला बारीक वेल कोरलेले, रंग असा की डोळे दिपावेत. मी गल्लीतल्या प्रत्येक बाईला आणून दाखवले. "लालभडक पाट आहेत हो माझ्या लेकीच्या लग्नाला!" मेस्त्री मात्र ते कुंच्याने झाडत, फडक्याने पुसत, मेण घातलेलं अळशीचं तेल बोटाने जिरवत, आठ दिवस थांबत, पुन्हा जिरवत. आणि उजेडात ठेवत. दोन महिन्यांत लग्न आलं तेव्हा पाट तांबूस तपकिरी झाले होते. सुंदरच होते. पण मी गावभर लालभडक सांगून बसले होते ना!

"मेस्त्री, पुन्हा लाल करा."

"कशाला? वयात आलेत आता."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना बसायचं न्हाय त्यावर."

लग्नाच्या आदल्या दुपारी मी पॉलिश पेपर घेतला. हातावर ताजी मेंदी, घरात पाहुणे, आणि वधूची आई शेडमध्ये पाट घासत बसलेली. मेस्त्री दोन हात अंतरावर घोरत होते आणि लूमच्या खडखडाटात माझी खसखस ऐकू येत नव्हती. आधी नवरदेवाचा पाट घेतला, कारण मान व्याह्यांचा. तास-दीड तास घासला. आतला शेंदूर जसा वर येऊ लागला तशी मी स्वतःवर खूष होत गेले. पदराने भुसा झटकला, दुसरा पाट ओढला, आणि वीज गेली.

लूम थांबले. मागून आवाज आला, "कोन मेलं?"

दोन्ही पाट काखेत मारून मी जी पळाले ती घरात. नजर लागू नये म्हणून बांधून ठेवलेत असं सगळ्यांना सांगितलं. तेल लावायचं असतं, भोकांतला भुसा काढायचा असतो, हे डोक्यातही आलं नाही. दोन महिने डोळ्यांसमोर ते काम चाललं होतं आणि मी बघत काय होते, देव जाणे.

लग्न वैशाखातलं. मांडवाला पत्रा, समोर होम. नवरदेवाने पांढरंशुभ्र धोतर नेसलेलं, आणि घामाच्या धारा लागलेल्या. तास-सव्वा तास तो पाटावर बसून होता. मग भटजी म्हणाले, "उठा, फेरे घ्या."

तो उठला. मागून धोतर नारिंगी. नुसता डाग असता तर ठीक. दोन गोल, रेखीव, दोन्हीकडे अगदी सारखे. मेस्त्रींचं निदान खरं ठरलं, मुलगा सरळ बसत होता. आणि फेरे होते सात, तेही होमाभोवती, त्यामुळे चारही बाजूंच्या वऱ्हाडाला दर्शन नीट झालं. व्हिडिओवाल्याने तर मागूनच घेतलं. मुलीकडच्या बायका तोंडात पदर कोंबून बसल्या आणि मुलाकडच्यांनी तोंडं फिरवली. माझी मुलगी मागून चालत होती. तिची पिवळी साडी स्वच्छ होती, पण तिच्याकडे बघतंय कोण?

जेवणं झाल्यावर व्याह्यांनी मेस्त्रींना बाजूला बोलावलं. मी तिथेच उभी होते. "मेस्त्री, पोराचं धोतर गेलं ते गेलं. पन देवीची पालखी मानसांच्या खांद्यावर असते. पालखीचं आता ऱ्हाऊ द्या."

मेस्त्रींनी नवरदेवाचा पाट उचलला. बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. मग मुलीचा पाट उचलला, त्यावर बोट फिरवलं. मग माझ्या हातांकडे बघितलं. "बरं," म्हणाले आणि जेवायला न बसता निघून गेले.

मी एक शब्द बोलले नाही. लेकीला अजून सासरी पाऊल टाकायचं होतं आणि विहिणीच्या मूर्खपणाने तिच्या संसाराची सुरुवात होऊ नये, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच की मला लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी खिडकीतून बघते तर मेस्त्रींनी तो लांब ओंडका बाहेर काढून ठोकळ्यांवर ठेवला होता आणि खडूने त्यावर रेघा मारत होते. मी धावत गेले.

"काय करताय?"

"पोळपाट. सोळा निघतील."

"अहो, पण पालखी..."

"पोळपाटावर पोळी तरी फिरते." त्यांनी करवत उचलली.

"मेस्त्री, तो पाट मी घासला!"

"ठावं हाय."

"कसं?"

"मेंदी तळव्याला असते, वैनी. नखांच्या आत न्हाय."

"मग तिथे बोलला का नाहीत?"

त्यांनी करवतीच्या दात्यांवर अंगठा फिरवला. "पोरीचा मांडव व्हता," एवढंच म्हणाले.

मी करवतीवर हात ठेवला. "उद्यापर्यंत थांबा. माझी शेड आहे. घरमालकीण म्हणून सांगते." आयुष्यात तो रुबाब कामाला आला तो तेवढाच.

दुसऱ्या दिवशी भाईंकडून पांढऱ्या कापडाचा तुकडा मागून घेतला. आमचे हे म्हणाले, "मी येत नाही. मी आजारी आहे असं सांग." दोन्ही पाट मांडीवर घेऊन रिक्षाने एकटी व्याह्यांच्या गावी गेले. कमिटी देवळाच्या ओट्यावर बसली होती, सात-आठ म्हातारे. मी त्यांच्यासमोर दोन्ही पाट मांडले आणि साडीवरून ते पांढरं कापड गुंडाळलं.

व्याही उठून उभे राहिले. "विहीणबाई, ह्ये काय?"

"मुलीच्या पाटावर बसते. होमाइतका वेळ. तुम्ही तुमचं चालू द्या."

आता विहीण ओट्यावर येऊन बसल्यावर कसली कमिटी चालते? कुणीतरी चहा आणला. मी चहा प्यायले, घाम गाळला, आणि उठून कमिटीकडे पाठ केली. "बघा."

सात-आठ म्हातारे जमिनीकडे बघू लागले.

"बघा म्हणते ना! कापड स्वच्छ आहे की नाही?"

"हाय, हाय, स्वच्छ हाय," कुणीतरी न बघताच म्हणालं.

मग नवरदेवाच्या पाटावर बसले. धोतराने घेऊन उरलेला भुसा त्यात अजून पुष्कळ होता. उठले, पुन्हा पाठ केली. या वेळी मागून हसण्याची खसखस ऐकू आली. "पहिला पाट मेस्त्रींनी केला तसाच आहे," मी भिंतीकडे तोंड करूनच सांगितलं, कारण वळायचं धाडस नव्हतं. "दुसरा मी घासला. लाल दिसावा म्हणून. त्यांना न विचारता, ते झोपलेले असताना. माणूस तुमच्यासमोर बोलणी खाऊन गेला तो माझ्यामुळे."

मग व्याही म्हणाले, "विहीणबाई, आता बसा हो. नुसत्या जमिनीवर बसा."

संध्याकाळी ते माझ्याबरोबर भिवंडीला आले. मेस्त्रींना म्हणाले, "ह्यांनी सांगितलं समदं. पाट बिघडवला ह्यांनी, आन् तुमी गप?"

"बिघडवला कुठं?" मेस्त्री म्हणाले. "तेल न्हाय लावलं, येवढंच. घासला झ्याक. आडवा हात कुठंच न्हाय. पालखीचं घासकाम वैनीच करतील, तर मी करतो."

म्हणजे ते मला असं सोडणारे नव्हते. पावसाळाभर मी त्या लांब ओंडक्याच्या झालेल्या दांडीपाशी बसून होते. रंधा त्यांचा, कोरीव काम त्यांचं. घासणं, झाडणं, पुसणं, तेल जिरवणं माझं. "भोकात बगा, वैनी. अजून हाय." नाकातोंडात भुसा, शिंका, केस नारिंगी. भाई पोत्यांआडून डोकावून विचारायचे, "भाभी, आज कौन सा शेड?"

पालखीच्या दिवसाआधी कमिटीने एक ठराव केला: ह्या वर्षी गुलाल उधळायचा नाही, झेंडूच्या पाकळ्या उधळायच्या. कारण उघड होतं. गुलालात खांदे लाल झाले तर पालखीने केले की गुलालाने, कळणार कसं? भोयांना कोरे पांढरे सदरे दिले. एरवी लोक देवीचं मुख बघायला येतात, त्या वर्षी सगळं गाव चार भोयांच्या खांद्यांकडे बघत होतं. देवीला काय वाटलं असेल!

पालखी उचलली. वेशीपर्यंत गेली, वळली. परत येताना एका भोयाच्या खांद्यावर तांबडं दिसलं. गर्दी थबकली. मेस्त्री पुढे झाले, त्या भोयाच्या खांद्याला नाक लावलं, मोठा श्वास घेतला आणि वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कुकू हाय! कुनी बाईनं ओवाळताना सांडलं."

पालखी पुन्हा हलली. दांडी भोयांच्या चालीबरोबर थोडी दबत होती, थोडी उचलत होती, जिवंत असल्यासारखी. मेस्त्री माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. खांद्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "चालली, वैनी," ते म्हणाले. एवढंच. आणि मग पालखीच्या मागे, पायांत चपला नसताना, स्वतः दोन पावलं तशीच दबत, उचलत चालत गेले.

मेस्त्रींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेडमध्ये कुरिअरवाले आहेत. त्या गावात मात्र पालखीला गुलाल परत आला नाही. एकदा बंद झाला तो झालाच. दुसऱ्या वर्षी कुणी विचारलं नाही, तिसऱ्या वर्षी ती प्रथा झाली. यंदा नातीबरोबर गेले होते. तिथल्या शाळेतल्या एका बाईंनी माइकवरून सांगितलं की पर्यावरण हा शब्दही कुणाला ठाऊक नव्हता तेव्हा या गावाने रासायनिक रंगांना निरोप दिला, केवढी ही दूरदृष्टी! आणि तेव्हाच्या अध्यक्षांचा, म्हणजे माझ्या व्याह्यांचा, शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला.

व्याही आता काठी टेकत चालतात. शाल अंगावर घेऊन ते माइकपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यात माझं येकट्याचं काय न्हाय." मग थांबून पुढच्या रांगेत माझ्याकडे टक लावून बघत राहिले. सगळ्या माना वळल्या.

"आजी," नातीने विचारलं, "ते तुझ्याकडे का बघतायत?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय त्यांचा," मी म्हटलं आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला लागले.